माघारीचे दिवस

उल्हास नदीवर सकाळी धुकं धरायला लागलं की मी खिडकी लावून घेते. शनिवार-रविवारी मुंबईहून येणारी माणसं पुलावर गाड्या थांबवून त्या धुक्याचे फोटो काढतात. त्यांचं बरोबरच आहे, धुकं दिसतं छान. मला मात्र त्यातून प्रचाराच्या रिक्षाचा भोंगा ऐकू येतो. रिक्षा आलेली नसली तरी येतो. यंदा तर ती खरोखरच येणार आहे. नगरपरिषदेच्या सभागृहात शाळेतल्या एका मुलीने बरणीत हात घालून चिठ्ठी काढली, तेव्हा शिवारात भात पिवळं व्हायला लागलं होतं. त्या चिठ्ठीने आमचा वॉर्ड पुन्हा आमच्या समाजाच्या बाईसाठी राखीव झाला. आता भात कापून झोडून झालं, रिकाम्या खाचरांमध्ये वाल उगवून आला, आणि अर्ज भरायचे दिवस आले.

आमच्या कर्जत-खालापूरकडे थंडी म्हणजे पोपटी. मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला घालायचा, वर वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, ओवा, जाडं मीठ, पुन्हा पाला कोंबून तोंड घट्ट बंद करायचं, मडकं जमिनीवर पालथं घालायचं आणि भोवती पेंढा, काटक्या रचून पेटवून द्यायचं. आत पाण्याचा थेंब घालत नाहीत. शेंगा आपल्याच वाफेवर शिजतात. लहानपणापासून मी पोपटीवर जीव टाकत आलेय. अजूनही खाते, पण मडकं पालथं घालताना बघवत नाही. कुणी विचारलं तर धूर डोळ्यांत जातो म्हणून सांगते.

माझी ती निवडणूक झाली तेव्हा प्रज्ञा, माझी मुलगी, पाचवीत होती. लग्नाआधी मी नर्सिंग केलं होतं. लग्नानंतर शिळफाट्याजवळच्या एका खाजगी दवाखान्यात सुया टोचणं, सलाइन लावणं, डॉक्टर जेवायला गेले की पेशंटच्या शिव्या खाणं, अशी सगळी कामं करत होते. सरकारी भरतीची परीक्षा दिली ती प्रज्ञाला झोपवून, स्वयंपाकघराच्या ओट्यावर पुस्तक उघडून. वयाची मर्यादा गळ्याशी आली होती, ती शेवटचीच संधी. आणि लागले. पनवेलच्या पलीकडे एका सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून नेमणूक आली. मी पांढरे बूट आणले आणि ते घालून घरातल्या घरात दोन फेऱ्या मारल्या. प्रज्ञाने टाळ्या वाजवल्या. प्रज्ञाचे बाबा खोपोलीला कारखान्यात पाळीवर असायचे. ते घरी आल्यावर म्हणाले, "झकास." त्यांच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे दिवाळीच.

हजर व्हायला थोडे दिवस होते, आणि नेमकी त्याच दिवसांत निवडणूक लागली.

माझे मोठे दीर, ज्यांना सगळी गल्ली दादा म्हणते, ते तेव्हा भरात होते. दादा स्वतः कधी निवडून आले नाहीत, पण त्यांच्याशिवाय कुणी निवडून आलंय असंही झालं नाही. वॉर्ड बाईसाठी राखीव झाल्यावर त्यांनी माझ्या मोठ्या जाऊबाईंना, मंदाताईंना उभं करायचं ठरवलं. आणि ताईंना ते मनापासून हवं होतं, हे इथे सांगितलं पाहिजे, कारण अशा गोष्टींत बाई म्हणजे बिचारीच असं लोक धरून चालतात. ताई काही बिचारी नव्हती. महिला मंडळाच्या सभेत तिचा आवाज माइकशिवाय विहाराच्या मागच्या भिंतीपर्यंत पोचायचा. कुणाच्या घरचं पाणी कुठल्या व्हॉल्व्हवरून येतं ते तिला पाठ होतं. ती कितीतरी वर्षं या दिवसाची वाट बघत होती.

आता डमीचं सांगते. मुख्य उमेदवाराच्या अर्जात काही खोट निघाली तर जागा हातची जायला नको म्हणून घरच्याच कुणाचा तरी दुसरा अर्ज भरून ठेवतात. तो डमी. छाननीत मुख्य अर्ज पास झाला की डमीने माघार घ्यायची, घरी जायचं आणि चहा प्यायचा. आमच्याकडे घरोघरी असे डमी झालेले लोक आहेत. त्याचं कुणाला काही वाटत नाही.

"नुसती सई करायची हाय," दादा मला म्हणाले. "छाननी झाली का माघार. तुला काय उभं ऱ्हायचंय?"

"मला पुढच्या आठवड्यात हजर व्हायचंय, दादा."

"तवर तू मोकळी."

मी भाकरी थापत होते. हात धुतले, पुसले आणि सही केली.

पुढे जे झालं त्यावर गल्लीत अजून हसतात. आमच्या समोर, गटाराच्या पलीकडे, एक निवृत्त गुरुजी राहतात. अर्ध्या गल्लीला त्यांनी शिकवलंय. बारसं असो, जयंती असो, पहिला मान गुरुजींचा. त्यांना डावललं तर ते भांडत नाहीत, फक्त महिनाभर समोरून जाताना हाक मारत नाहीत, चप्पलसुद्धा वाजवत नाहीत, आणि ते भांडणापेक्षा वाईट. म्हणून ताईंच्या अर्जावर सूचक म्हणून दादांनी गुरुजींची सही घेतली. गुरुजी कोट घालून आले, पेन झटकलं, वळणदार सही केली. माझ्या अर्जाला सूचक कोण? डमीला काय, कुणीही चालतो. गिरणीवाला पीठ झाडत आला आणि सही करून गेला.

सूचक त्याच वॉर्डाचा मतदार असावा लागतो. तसे गुरुजी जन्मभर आमच्याच वॉर्डाचे होते. फक्त त्या वर्षी वॉर्डांच्या हद्दी नव्याने पाडल्या होत्या आणि हद्द आमच्या गटारातून गेली होती. अलीकडची घरं आमच्या वॉर्डात, पलीकडची दुसऱ्या. नकाशा नगरपरिषदेच्या भिंतीवर लावलेला होता. दादांनी तो बघितलाही होता. पण हद्द बघताना त्यांनी कुणाची किती मतं गेली ते मोजलं. गुरुजी म्हणजे आपल्याच घरातला माणूस, ते पलीकडे गेले असतील हे त्यांच्या मनातच आलं नाही. माझ्याही नाही, गुरुजींच्याही नाही. ज्यांच्या घरची वाटी रोज आपल्याकडे येते त्यांचा वॉर्ड वेगळा असतो, हे सुचायला माणूस परका लागतो.

छाननीला विरोधी बाजूचा वकील उभा राहिला. निवडणूक अधिकारी साहेबांनी यादी चाळली आणि ताईंचा अर्ज बाद केला. मग माझा अर्ज उचलला. गिरणीवाला अलीकडचा निघाला. माझा अर्ज पास.

दादा, आमच्या पॅनेलची माणसं, सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. मी कुणाची तरी मुलं सांभाळायला म्हणून तिथे गेल्यासारखी भिंतीला टेकून उभी होते. ताई माझ्याकडे बघत नव्हती. ती स्वतःच्या नव्या इरकली साडीच्या निऱ्या नीट करत होती.

त्याच संध्याकाळी आम्हाला गाडीत बसवलं.

इथे बाहेरच्यांना वाटतं की फार्महाऊस म्हणजे श्रीमंतांची मौज. आम्हाला त्यांचा दुसरा उपयोगही माहीत आहे. माघारीची मुदत संपेपर्यंत समोरची पार्टी उमेदवार फोडते, धमकावते, पैसे देऊन बसवते. म्हणून आपला उमेदवार आधीच उचलून आडबाजूला नेऊन ठेवायचा. त्याला 'सहलीला नेणं' म्हणतात. ही सहल खालापूरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी होती. कुणा मुंबईकराचा बंगला, पुढे हिरवळ, प्लास्टिकच्या खुर्च्या, पाय तुटलेला सिमेंटचा मोर, आणि पोहायचा तलाव, ज्याच्या पाण्यावर सागाची पानं साचली होती. माझ्या सोबतीला मंदाताईला दिलं. म्हणजे ज्या बाईचं स्वप्न माझ्यामुळे मोडलं, तिलाच माझ्यावर नजर ठेवायला बसवलं. असं काही दादांनाच सुचू शकतं.

गेल्या गेल्या आमचे मोबाइल चार्जिंगला लावतो म्हणून घेतले. माघारीची मुदत संपेपर्यंत ते चार्जच होत राहिले.

त्या दिवसांतलं मला काय आठवतं? गादीला येणारा डांबराच्या गोळ्यांचा वास. सकाळी खिडकीची काच पुसली की दिसणारं धुकं आणि लांबून, द्रुतगती मार्गावरून, सतत येणारी गाड्यांची घरघर. एवढी माणसं कुठून कुठे जात होती, आणि मी माझ्या घरापासून अर्ध्या तासावर बसून कपाटातली जुनी इंग्रजी मासिकं उलटीपालटी करत होते. प्रज्ञाची दुसरी घटक चाचणी चालू होती. तिच्या गणिताच्या पेपराला तिला दही-साखर कोणी दिली असेल, एवढाच विचार डोक्यात घोळायचा. मोठ्या दुःखाचा विचार माणसाला करता येत नाही. तो दही-साखरेचा करतो.

फाटकाला कुलूप होतं की नव्हतं, मला आजही सांगता येणार नाही. मी तिथपर्यंत कधी गेलेच नाही. तलावाच्या कडेकडेने फिरायचे आणि परत यायचे.

ताईशी मी आडून बोलायचे. "पनवेलची गाडी इथून कुठे मिळत असेल हो?" "हजर व्हायला उशीर झाला तर ऐकून घेत असतील का?" ती तांदूळ निवडता निवडता ऐकायची. तिथे आचारी होता, तरी ती तांदूळ निवडायची. हाताला काम नसलं की तिला ताप येतो. एकदा मात्र तिने ताट बाजूला ठेवलं.

"विद्या, एक सांगू? तू रडतेस, पन आवाज न करता. मला सगळं ऐकू येतं," ती म्हणाली. "तुला खुर्ची भेटतेय आनि तुला नको हाय. मला पायजे हाय आनि माझं नाव त्या गटारात पडलं. आता मी कुनासमोर रडू? तुज्यासमोर?"

मग आम्ही दोघीही रडलो, आवाज करून. बाहेर पहाऱ्याला असलेल्या पोरांना वाटलं, भांडण लागलं. दोघे धावत आले. ताईने डोळे पुसले आणि त्यांना फैलावर घेतलं, "काय बगता? बायका रडल्या नायत का कधी? जा, च्या घेऊन या!" चहा आला. चांगला झाला होता.

शेवटच्या दिवशी दुपारीच पोपटी लावली. शेंगा अजून पुऱ्या भरल्या नव्हत्या, पण पोरांना दम कुठला. हिरवळीच्या कडेला मडकं पालथं घातलं, पेंढा पेटला, भांबुर्डीच्या पाल्याचा तो उग्र, थोडा कडवट वास सगळ्या आवारात पसरला. दादा आले होते. हातात मोबाइल, डोळा घड्याळावर. माघारीची मुदत तीन वाजता संपत होती. मी खुर्चीत बसून आगीकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, अजून वेळ आहे. गाडी काढली तर कर्जत अर्ध्या तासात. अजून निघालं तर पोचू. मग अर्ध्या तासापेक्षा कमी वेळ उरला, तरी मी म्हणतच होते, अजून वेळ आहे. ताईने मडक्यावर पाण्याचा हबका मारला, चर्रर्र वाजलं, म्हणजे शिजलं. तेवढ्यात दादांचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं, हात वर केला आणि पोरांनी आरोळी ठोकली.

मडकं फोडलं. केळीच्या पानावर शेंगा पसरल्या, वाफ निघाली. कुणीतरी पहिला घास मला दिला, उमेदवार म्हणून. आणि तो घास इतका चविष्ट लागला की मला स्वतःचा संताप आला. मला भूक लागली होती. मी पोटभर खाल्लं.

मी निवडून आले. फार मतांनी नाही, पण आले. विहारापुढे गुलाल उडाला, गुरुजींनी गटार ओलांडून येऊन हार घातला. नगरसेविकेला सरकारी नोकरी चालत नाही. पनवेलच्या पलीकडच्या त्या दवाखान्यात दुसरी कुणीतरी हजर झाली असेल. पांढरे बूट मी एका शिकाऊ मुलीला देऊन टाकले.

नगरसेविका म्हणजे काय ते मी पुढची पाच वर्षं शिकले. लोक माझ्याकडे यायचे आणि दादांशी बोलायचे. सभेत काय मांडायचं ते दादा ठरवायचे, ताई मला ते घरी पाठ करून घ्यायची आणि मी सभागृहात म्हणायचे. असं आमचं तिघांचं मिळून एक माणूस होतं. कामं झाली नाहीत असं नाही. गटारावर झाकणं आली, वरच्या आळीला पाणी चढायला लागलं. त्यात माझं काय होतं ते मला विचारू नका.

एक प्रसंग मात्र राहून राहून आठवतो. आमच्या इथल्या दवाखान्याच्या नव्या खोलीचं उद्घाटन होतं आणि फीत कापायला मला बोलावलं. पुष्पगुच्छ द्यायला तिथली परिचारिका पुढे आली. बघते तर माझ्याच बॅचची, वसतिगृहात शेजारच्या खाटेवर झोपणारी. तिने मला ओळखलं, पण माणसं होती म्हणून म्हणाली, "या मॅडम." तिच्या हाताला स्पिरिटचा वास होता. मी गुच्छ घेताना तिचा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला. तिला वाटलं फोटोसाठी धरलाय. ती कॅमेऱ्याकडे बघून हसली.

माझी मुदत संपल्यावर मधल्या निवडणुकीत वॉर्ड खुला झाला, दुसरं कुणीतरी बसलं. मग निवडणुकाच लांबत गेल्या, प्रशासक आले. मधल्या काळात गावाचं रूप पालटलं. नेरळपासून इकडे इमारतीच इमारती उठल्या, कडावच्या वाटेवर भाताच्या खाचरांत प्लॉटचे फलक लागले. दादांचे गुडघे गेले. मंदाताईचे केस पिकले, पण आवाज तसाच आहे. प्रज्ञा मोठी झाली, शिकली, आणि पुण्याला एका प्रयोगशाळेत तिला नोकरी लागली. पुढच्या महिन्यात हजर व्हायचंय.

आणि आता वॉर्ड पुन्हा राखीव झालाय.

या खेपेला मंदाताईच उभी राहणार. दादांनी मतदार यादी घेऊन, गटाराच्या काठाने काठी टेकत चालून, अलीकडचं एकेक घर तपासलं. सूचक पक्का. तरी डमी हवाच. दिवाळी झाल्यावर दादा मला सहज म्हणाले, "डमीला प्रज्ञाला घेऊ. शिकलेली पोर. तुला बघून लोक कंटाळलेत आता." आणि हसले. मीही हसले.

तेव्हापासून मी वाक्यं जुळवत होते. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना. 'दादा, तुमचा मान आहेच, पण...' हे जरा नरम वाटायचं. 'माझं झालं ते झालं, पोरीचं होऊ देणार नाही' हे बरं होतं, पण ते म्हणताना माझा आवाज फुटेल याची खात्री होती. प्रज्ञाच्या बाबांना एकदा विचारलं, तुम्ही बोलाल का? ते म्हणाले, "दादा हाय तो." मी प्रज्ञालाही काही सांगितलं नव्हतं. तिने सहज सही करून टाकली तर, ही भीती. आणि मी सांगितल्यावर ती दादांशी भांडली तर, ही दुसरी. मनात मी तिला कितीदा त्या बंगल्यात बसलेली पाहिली. तलावाच्या काठाने फिरताना, माझ्यासारखी, परत येताना.

काल संध्याकाळी दादा आले. सोबत ताई होती. जेवायलाच बसले. सुक्या बोंबलाचं कालवण होतं, तांदळाच्या भाकऱ्या होत्या. मी वाढत होते आणि माझ्या तोंडात ते पहिलं वाक्य तयार होतं. दादांनी डाव्या हाताने पिशवीतून अर्ज काढला आणि ताटाशेजारी ठेवला.

"प्रज्ञा, बाळा, जेवन झालं का हितं एक सई कर. नुसती डमी हाय."

प्रज्ञाने भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला.

"नको, मोठे काका," ती म्हणाली. "मला नाही करायची."

एवढंच. पुढे कारण नाही, पुण्याचं नाव नाही, आवाज चढलेला नाही. चहा नको म्हणावं तसं. माझ्या हातात पळी तशीच राहिली. प्रज्ञाच्या बाबांनी ताटात मान घातली. मंदाताई घास हातात धरून माझ्याकडे बघत होती, पोरीकडे नाही, माझ्याकडे. मी आता दादांचा चेहरा फिरण्याची, ताट सरकवलं जाण्याची, सगळं घर हलण्याची वाट बघत होते.

दादांनी तिच्याकडे पाहिलं.

"बरं," ते म्हणाले. त्यांनी अर्ज उचलून पिशवीत घातला. "मग चुलतघरातल्या सुरेशच्या बायकोला विचारतो. नवी नवरी हाय, ती नाय म्हननार नाय." आणि ताट पुढे केलं. "भात वाढा."

भात मीच वाढला.